केबल आणली, तरी कॉम्प्युटर प्रिंटरला का ओळखत नाही?

खानदेशात दसरा-दिवाळीच्या सुमारास कापसाचे वजनकाटे सुरू होतात. नेमकं त्याच दिवसांत, १४ ऑक्टोबर २०२५ ला, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची अपडेट थांबवली. कापसातून सरकी काढणारे जिनिंगवाले, आडते, ट्रान्सपोर्टवाले, पतसंस्था, ज्याची त्याची जुनी मशीन बदलायची वेळ एकदमच आली. नवा डबा टेबलावर बसला, मागे वाकून बघितलं तर प्रिंटरची ती रुंद, पंचवीस भोकांची जागाच गायब. दुकानदार म्हणाला, "यूएसबीची कन्व्हर्टर केबल घ्या, काम होऊन जाईल." केबल आली, लावली, ‘टुंग’ असा आवाजही आला. पुढे काही नाही. मग फोन: "भो, हाऊ कॉम्प्युटर प्रिंटरले वळखतच नही."

खरं म्हणजे कॉम्प्युटरने केबलला ओळखलेलं असतं. प्रिंटरला ओळखणं हा वेगळा मामला आहे, आणि जुन्या प्रिंटरच्या बाबतीत तो आपोआप होणार नसतो, कारण त्या प्रिंटरला स्वतःचं नाव सांगताच येत नाही. ते तुम्ही सांगायचं असतं. एवढं डोक्यात बसलं की निम्म्या अडचणी सुटतात. नाही बसलं, तर माणूस चांगली केबल परत करतो किंवा चांगला प्रिंटर भंगारात काढतो.

‘भंगारात काढा आणि नवा लेझर घ्या’ हा सल्ला देणाऱ्याने कधी काट्यावर बसून पावती फाडलेली नसते. काटापावतीच्या तीन प्रती लागतात: एक शेतकऱ्याला, एक जिनिंगला, एक काट्यावर. डॉट मॅट्रिक्सच्या हेडमधल्या पिना रिबनवर ठोका मारतात, तो ठोका कार्बनमधून खालच्या कागदांवर उतरतो, म्हणून तिन्ही प्रती एका फटक्यात निघतात. लेझर किंवा इंकजेटमध्ये ठोकाच नाही, तर कार्बन उमटणार कसा? वर रिबन स्वस्त, भोकांच्या पट्टीचा सलग कागद स्वस्त, आणि कापसाचे तंतू उडणाऱ्या खोलीत, मे महिन्याच्या उन्हात, हे यंत्र मुकाट चालतं. टीव्हीएसचा एमएसपी २४० किंवा एप्सनचा एलएक्स-३०० अजून ठोके मारत असेल, तर त्याला घालवायचं काही कारण नाही.

जुनी तार बोलायची कशी

सेन्ट्रॉनिक्स नावाच्या अमेरिकी कंपनीने १९७० मध्ये मॉडेल १०१ हा प्रिंटर काढला. त्याच्या जोडणीची पद्धत पुढे सगळ्यांनी उचलली, म्हणून प्रिंटरच्या मागचं ते ३६ संपर्कांचं, दोन बाजूंना तारेच्या कड्या असलेलं तोंड आजही सेन्ट्रॉनिक्स नावानेच ओळखलं जातं. १९८१ मध्ये आयबीएमने पीसी आणला आणि कॉम्प्युटरच्या बाजूला २५ भोकांचं तोंड दिलं. जुन्या प्रिंटर केबलची दोन टोकं वेगवेगळी असतात ती यामुळे.

या केबलीत आठ तारा मजकुराच्या. इंग्रजी मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५, म्हणजे शून्य-एकच्या भाषेत ०१०००००१. ही आठ चिन्हं आठ तारांवर एकदम उभी राहतात: जिथे एक तिथे साधारण पाच व्होल्ट, जिथे शून्य तिथे जवळपास काही नाही. मग ‘स्ट्रोब’ नावाची आणखी एक तार किमान अर्धा मायक्रोसेकंद खाली ओढली जाते: "अक्षर मांडलंय, उचल." प्रिंटर आपली ‘बिझी’ तार वर करतो: "थांब, घेतोय." घेऊन झालं की ‘अ‍ॅकनॉलेज’ तारेवर एक टिचकी: "घेतलं, पुढचं दे." याखेरीज कागद संपल्याची एक तार, प्रिंटर ऑनलाइन आहे हे सांगणारी एक, बिघाडाची एक. बस्स.

गुरांच्या बाजारात रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरायचा, तसलाच हा व्यवहार. तोंडाने शब्द नाही, फक्त दाब. आणि रुमालाखाली समोरच्याचं नाव-गाव कोणी विचारत नाही. ‘तू कोण?’ हा प्रश्न विचारायची सोयच त्या जोडणीत मुळात नव्हती. कॉम्प्युटर मुकाट अक्षरं ढकलायचा, पलीकडे एप्सन आहे की विप्रो याचं त्याला सोयरसुतक नसायचं.

ही सोय आली १९९४ मध्ये, आयईईई १२८४ या मानकाबरोबर. त्यानुसार बनलेला प्रिंटर विचारल्यावर एक ओळ पाठवतो: कंपनी अमुक, मॉडेल तमुक, आज्ञांची भाषा अमकी. गंमत म्हणजे ही ओळ उलट पाठवायला आठ वेगळ्या तारा नव्हत्याच. मग ‘बिझी’, ‘कागद संपला’ यांसारख्या तारांवरूनच अर्धं अर्धं अक्षर, चार-चार चिन्हांनी, परत पाठवायची युक्ती काढली. त्या काळानंतरचे बरेच प्रिंटर असं नाव सांगतात. त्याआधीचे, आणि जुन्याच सर्किटवर पुढे कित्येक वर्षं बनत राहिलेले, गप्प.

यूएसबी आधी नाव विचारतं

यूएसबीचा पहिला आराखडा १९९६ चा, आणि त्याचा स्वभाव बरोबर उलटा. काहीही जोडा, कॉम्प्युटर आधी चौकशी करतो: तू कोणाचा, तुझा क्रमांक काय, तू कोणत्या जातकुळीचा? कीबोर्डची जात वेगळी, पेन ड्राइव्हची वेगळी. प्रिंटरसाठी सात हा क्रमांक राखून ठेवलेला आहे.

कन्व्हर्टर केबलच्या जाड टोकात एक छोटी चिप असते. या चौकशीला ती उत्तर देते: "मी सात नंबरची." विंडोजचं समाधान होतं, ते आपल्याकडचा तयार प्रोग्राम चालू करतं आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या वस्तूंच्या विंडोजमधल्या यादीत, ‘यूएसबी प्रिंटिंग सपोर्ट’ अशी ओळ उमटते. तो ‘टुंग’ आवाज याचाच. मग विंडोज पुढचा प्रश्न टाकतं: "तुझ्या मागे कोण आहे?" चिप १२८४ च्या पद्धतीने प्रिंटरला विचारते. प्रिंटर नवा असेल तर उत्तर येतं आणि कधी कधी सगळं आपोआप जमून जातं. जुना असेल तर शांतता. काही केबली लावल्यावर ‘नो प्रिंटर अटॅच्ड’ असंही दिसतं, प्रिंटर ढळढळीत समोर चालू असताना. त्याचा अर्थ एवढाच की पलीकडून नाव आलं नाही.

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. जुन्या सवयीने लोक डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘पोर्ट्स’ या शीर्षकाखाली एलपीटी१, म्हणजे त्या जुन्या पंचवीस भोकांच्या (पॅरलल) पोर्टचं नाव, शोधतात. तिथे ते नसतंच आणि येणारही नाही. ही केबल एलपीटी पोर्ट तयार करत नाही. ती कॉम्प्युटरला ‘मी यूएसबीचा प्रिंटर आहे’ असं भासवते, एवढंच. म्हणून शोधायचं ते ‘युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स’ या शीर्षकाखाली. तिथे ‘यूएसबी प्रिंटिंग सपोर्ट’ दिसलं, म्हणजे केबल जिवंत आहे. केबल काढली की ती ओळ जाते, लावली की येते. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे आणि केबल परत करायला जाण्याआधी ती जरूर घ्या.

ओळख करून द्यायची रीत

प्रिंटर आधी चालू करा, ऑनलाइनचा दिवा लागू द्या, मगच यूएसबी टोक लावा. हा क्रम महत्त्वाचा, कारण नावाची चौकशी जोडणीच्या क्षणी होते.

मग सेटिंग्जमध्ये प्रिंटर जोडण्याच्या जागी जा. विंडोज शोधायला लागेल, त्याला सापडणार काही नाही, पण थोडं थांबा. मग ‘हवा तो प्रिंटर यादीत नाही’ अशा अर्थाची ओळ येते आणि तिच्याशेजारी ‘अ‍ॅड मॅन्युअली’. तिथून स्थानिक प्रिंटर हाताने जोडण्याचा पर्याय घ्यायचा. पुढे पोर्ट विचारतात. वर आयतं एलपीटी१ निवडलेलं असतं आणि घाईत बोट ‘नेक्स्ट’वर जातं. थांबा. यादी उघडून खाली ‘यूएसबी००१, व्हर्च्युअल प्रिंटर पोर्ट फॉर यूएसबी’ निवडा. ते दिसत नसेल, तर केबल काढा, प्रिंटर बंद करून चालू करा, केबल परत लावा आणि पुन्हा पहिल्यापासून या.

आता कंपनी आणि मॉडेल. ही यादी आधी तोकडी असते. खालचं ‘विंडोज अपडेट’ बटण दाबून चहा पिऊन या, ती वाढते. तुमचं मॉडेल नेमकं सापडलं तर उत्तम. नाही सापडलं तरी हात टेकू नका. आपल्याकडचे बहुतेक डॉट मॅट्रिक्स, टीव्हीएसचे एमएसपी धरून, एप्सनच्या आज्ञा समजतात. नऊ पिनांच्या हेडला एप्सनचा ‘एफएक्स सीरीज’, चोवीस पिनांच्या हेडला ‘एलक्यू सीरीज’ हा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरशी त्याच्या भाषेत बोलणारा प्रोग्राम, चालून जातो. नावापुढचा ८० किंवा १३६ हा आकडा एका ओळीतल्या अक्षरांचा, म्हणजे प्रिंटर अरुंद की रुंद याचा. नऊ आणि चोवीस यांची अदलाबदल मात्र करू नका, नाहीतर अक्षरं चेपलेली किंवा फाटलेली उमटतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की प्रिंटर कंपन्यांचे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्याने आवरतं घेणार. बसवलेले ड्रायव्हर त्यामुळे बंद पडत नाहीत. पण तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर आज मिळतोय, तर उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवून द्या. तो ६४-बिटचा आहे ना, तेही बघा. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती निघालेलीच नाही, त्यामुळे एक्सपीच्या काळातल्या सीडीवरचा ड्रायव्हर इथे कामाचा नाही.

प्रिंटर जोडला गेला, पण एखादी पावती निघाली आणि पुढे रांग अडकून राहिली, असं झालं तर प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पोर्ट्स’ टॅबखाली ‘एनेबल बायडायरेक्शनल सपोर्ट’समोरची खूण काढून टाका. जो प्रिंटर बोलतच नाही त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा धरून बसण्यात अर्थ नाही. जुन्या यंत्रांबाबत हा उपाय जितक्या वेळा लागू पडतो, तितका तो लोकांना माहीत नाही.

कालपर्यंत चालत होतं

ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार, आणि यात केबलही चांगली असते, प्रिंटरही. झालेलं असतं असं: झाडणाऱ्याने टेबल सरकवलं, किंवा कोणीतरी मोबाइल चार्जिंगला लावायला यूएसबी काढली आणि परत लावताना शेजारच्या भोकात लावली.

आपल्या लेखी दोन्ही भोकं सारखी. विंडोजच्या लेखी नाहीत. यूएसबीच्या चांगल्या वस्तूंना स्वतःचा अनुक्रमांक असतो, त्यावरून त्या कुठेही लावल्या तरी ओळखू येतात. या स्वस्त केबलींना बहुतेक वेळा तो नसतो. मग विंडोज तिला जागेवरून ओळखतं. भोक बदललं की त्याला वाटतं ही दुसरीच केबल आली, आणि ते यूएसबी००२ नावाचं नवं पोर्ट तयार करतं. तुमचा प्रिंटर मात्र अजून यूएसबी००१ कडे तोंड करून उभा. पावत्या तिकडे जातात, तिकडे कोणी नाही. प्रिंटरचं चित्र फिकट होतं, ‘ऑफलाइन’ लिहून येतं.

उपाय दोन. केबल जुन्या भोकात परत लावा, किंवा प्रिंटर प्रॉपर्टीजच्या ‘पोर्ट्स’ टॅबमध्ये जाऊन यूएसबी००२ समोर खूण करा. त्याआधी रांगेतल्या जुन्या पावत्या रद्द करा. माणूस वैतागून तेच बटण पुन्हा पुन्हा दाबत बसलेला असतो, आणि पोर्ट जुळलं की एकाच पावतीच्या ढीगभर प्रती धडाधड बाहेर यायला लागतात. काटा चालू असताना, मागे ट्रॅक्टरची रांग लागलेली असताना, हे बघायला मजा येत नाही. ज्या भोकात केबल आहे त्यावर नेलपॉलिशचा एक ठिपका द्या. यावर याहून चांगलं तंत्रज्ञान मला माहीत नाही.

दुपारी जेवणानंतर नेहमी पहिली पावती अडकत असेल, तर वीज वाचवण्यासाठी विंडोज यूएसबी झोपवत असण्याचा संभव आहे. पॉवर प्लॅनमधलं ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा.

कचरा छापतोय

प्रिंटर चालतोय पण छापतोय भलतंच, हा तिसरा टप्पा. इथे आधी कचऱ्याची जात ओळखायची.

बिलाच्या चौकटीच्या रेघांच्या जागी तिरकी इंग्रजी अक्षरं येत असतील, तर ते प्रिंटरच्या आतल्या अक्षर-तक्त्याचं काम. एप्सन पद्धतीच्या प्रिंटरांत एक तक्ता तिरक्या अक्षरांचा असतो आणि दुसरा, ४३७ क्रमांकाचा, रेघा-चौकटींचा. डॉसच्या काळातले हिशोबाचे प्रोग्राम दुसरा तक्ता धरून चालतात. प्रिंटरवरचे छोटे डिप स्विच किंवा पॅनेलवरची सेटिंग बदलली की रेघा परत येतात. कॉम्प्युटरला हातही लावावा लागत नाही.

अक्षरं चुकतात, पण नेमाने चुकतात, असं असेल तर तार किंवा पिन बघा. समजा आठातली शेवटची तार तुटलीय आणि तिथे कायम शून्यच पोहोचतंय. मग ‘ए’च्या जागी दरवेळी ‘अ‍ॅट’चं चिन्ह छापलं जाईल, ‘सी’च्या जागी ‘बी’, ‘ई’च्या जागी ‘डी’. ‘बी’ आणि ‘डी’ मात्र बिनचूक, कारण त्यांच्या क्रमांकात त्या जागी मुळातच शून्य आहे. असा नेम दिसला की ड्रायव्हरच्या मागे लागू नका. कनेक्टर काढून वाकलेला संपर्क शोधा. तारेच्या कड्या न लावता केबल नुसती खोचून ठेवलेली असते, तेव्हा हे हमखास होतं.

सगळाच गिचमिडा असेल तर प्रिंटरला विचारा. एलएक्स-३०० सारख्या एप्सनमध्ये लाइन फीडचं बटण दाबून धरून प्रिंटर चालू केला की तो स्वतःची चाचणी छापतो. ती स्वच्छ आली, तर हेड, रिबन, मोटर सगळं ठीक. लाइन फीड आणि लोड-इजेक्ट ही दोन्ही बटणं दाबून धरून चालू केला, तर तो वेगळ्याच अवस्थेत जातो: येणारी प्रत्येक गोष्ट अक्षर म्हणून न छापता तिचा सोळा-आधारी (हेक्साडेसिमल) पद्धतीतला आकडा छापतो. ‘ए’साठी ४१ (म्हणजे आपला ६५च, सोळा-आधारी पद्धतीत), ओळ संपली की ०डी आणि ०ए. सुरुवातीला १बी ४० दिसलं, तर ती एप्सनची ‘सगळं पूर्ववत कर’ ही आज्ञा, म्हणजे ड्रायव्हर बरोबर भाषेत बोलतोय. काहीच छापलं नाही, तर मजकूर प्रिंटरपर्यंत पोहोचतच नाही, आणि मग परत पोर्टकडे वळा. हे कागद बघून केबलचा दोष की ड्रायव्हरचा, हा वाद तिथल्या तिथे मिटतो.

मराठी पावतीचं दुखणं वेगळं. विंडोजमध्ये ‘जेनेरिक, टेक्स्ट ओन्ली’ नावाचा एक ड्रायव्हर आहे. चाचणीला तो फार चांगला: इंग्रजी अक्षरं सरळ प्रिंटरकडे ढकलतो, प्रिंटर आपल्या पोटातल्या अक्षरांनी झरझर छापतो. पण देवनागरी त्याच्या गावीच नाही. ‘रावेर’च्या जागी प्रश्नचिन्हं येतील. मराठीला एफएक्स किंवा एलक्यू ड्रायव्हर लागतो, जो पान चित्र म्हणून ठिपक्याठिपक्याने पाठवतो. वेग पडतो. नऊ पिनांच्या हेडमध्ये उभ्या रेषेत इंचाला ७२ ठिपके, चोवीस पिनांत १८०. नऊ पिनांवर बारीक अक्षरात वेलांट्या आणि जोडाक्षरं भरून जातात. टाइप मोठा ठेवा, ठळक ठेवा. रोजच मराठीत छापायचं असेल तर चोवीस पिनांचा प्रिंटर बघा. टॅलीसारख्या प्रोग्राममध्ये छापण्याच्या पद्धती वेगवेगळ्या असतात. ‘नीट’ म्हणजे चित्र, ‘डॉट मॅट्रिक्स’ म्हणजे सरळ अक्षरं. इंग्रजी बिल फार हळू निघत असेल तर तिथे एकदा बघून घ्या.

केबलच्या आवाक्याबाहेरचं

फॉक्सप्रो किंवा क्लिपरमध्ये लिहिलेले हिशोबाचे जुने प्रोग्राम थेट एलपीटी१ वर लिहितात. जुन्या ३२-बिट विंडोजवर यावर एक तोड आहे: प्रिंटर शेअर करायचा आणि ‘नेट यूज’ या आज्ञेने एलपीटी१ ला जाणारा मजकूर त्या शेअर केलेल्या प्रिंटरकडे वळवायचा. पण ६४-बिट विंडोजवर हे १६-बिटचे प्रोग्राम उघडतच नाहीत, तिथे प्रिंटरच्या आधी प्रोग्रामचाच प्रश्न. डॉसबॉक्स-एक्ससारख्या साधनात ते चालवता येतात आणि छापताही येतं, मात्र बसवायला जाणता माणूस आणि थोडा धीर लागतो.

पॅरलल पोर्टवर लावायचं हार्डवेअर लॉक, ज्याला आपल्याकडे डोंगल म्हणतात, ते या केबलवर चालणार नाही. पोर्टवरून थेट चालणारी सीएनसी मशीनही नाही. त्यांना खरं पोर्ट हवं. डेस्कटॉप असेल तर पीसीआय एक्सप्रेसचं पॅरलल कार्ड बसवा. किंवा आधी डबा उघडून बघा: काही साध्या मदरबोर्डवर एलपीटीचा २६ जागांचा, एक पिन गाळलेला हेडर अजूनही असतो, नुसती पट्टी जोडली की मागे पोर्ट तयार. रोज शेकड्याने पावत्या काढणाऱ्याने डेस्कटॉपवर हाच मार्ग धरावा, केबलच्या फंदात पडू नये, असं माझं मत आहे.

काही जुन्या स्वस्त लेझर प्रिंटरांचंही असंच. त्यांना एप्सन किंवा एचपीची आज्ञाभाषा येत नाही. पानाचं सगळं चित्र कॉम्प्युटरने बनवून द्यावं लागतं, आणि ते बनवणारा ड्रायव्हर कंपनीने एक्सपी किंवा विंडोज ७ नंतर काढलेलाच नसतो. केबल कितीही चांगली आणा, हा प्रिंटर मुका राहणार. पीसीएल ही एचपीची आज्ञाभाषा समजणारा लेझर असेल तर मात्र साध्या पीसीएल ड्रायव्हरवर चालून जातो. लिनक्सवाल्यांना इथे थोडी मोकळीक आहे: तिथे कप्स ही छपाई-व्यवस्था अनेक जुनी मॉडेलं अजून सांभाळून आहे. नाव न सांगणारा प्रिंटर तिथेही ‘अननोन’ म्हणूनच दिसतो, मॉडेल तिथेही हातानेच निवडायचं.

काट्यावर आणखी एक फसगत होते. वजनाचा इंडिकेटर आणि काही पासबुक प्रिंटर सीरियल जोडणीवर चालतात. त्यांचं तोंड नऊ पिनांचं असतं, आणि काही ठिकाणी चक्क पंचवीस पिनांचं, पॅरललसारखंच दिसणारं. आतला कारभार मात्र वेगळा: इथे अक्षरं एकाच तारेवरून एकामागोमाग जातात आणि व्होल्टेज उणे-अधिक पंधरापर्यंत जाऊ शकतं. पाच व्होल्टवर चालणाऱ्या पॅरललच्या केबलला ते जोडलं तर चिप जळू शकते. बसतंय म्हणून लावू नका. कॉम्प्युटरच्या जुन्या डब्यावर भोकांचं पंचवीसचं तोंड पॅरललचं आणि पिनांचं तोंड सीरियलचं, ही खूण लक्षात ठेवा. प्रिंटरच्या बाजूला त्याचं पुस्तक किंवा तळाची पट्टी वाचा.

सीरियलसाठी यूएसबी-सीरियल केबल मिळते, आणि तिच्यामुळे ‘पोर्ट्स’ शीर्षकाखाली खरंच कॉम३, कॉम४ असा आकडा दिसतो. वेग, बिट, पॅरिटी दोन्हीकडे सारखी ठेवायची, ९६०० हा वेग नेहमीचा. विंडोज ११ वर तिथे ‘पीएल२३०३एचएक्सए फेझ्ड आउट सिन्स २०१२’ अशी ओळ पिवळ्या त्रिकोणासह दिसली, तर ती केबल तुटलेली नाही. आतल्या प्रोलिफिक चिपची, किंवा तिच्या नकलेची, नव्या ड्रायव्हरने दखल घेणं सोडलंय. जुना ड्रायव्हर शोधून बसवणारे आहेत, पण पुढच्या अपडेटला तो उडू शकतो. दुसऱ्या चिपची केबल घेणं सोपं पडतं.

विकत घेताना टोकं बघून घ्या. एका केबलीचं दुसरं टोक ३६ संपर्कांचं असतं, ते थेट प्रिंटरच्या पाठीत बसतं. दुसरीचं पंचवीस भोकांचं असतं, तिला तुमची जुनी जाड प्रिंटर केबल जोडावी लागते. पहिली घ्या, जोड कमी तितकी कटकट कमी. काही जुन्या लेझरांना ३६ चंच पण आकाराने लहान तोंड असतं, त्याला यातली एकही बसत नाही. यूएसबीची तार पाच मीटरपुढे नेऊ नका. प्रिंटर काट्याच्या खिडकीत आणि कॉम्प्युटर आत ऑफिसात असेल, तर पॅरलल पोर्टचा छोटा प्रिंट सर्व्हर घेऊन नेटवर्कच्या तारेने जोडा. आणि जळगावच्या गोलाणी मार्केटातून घ्या नाहीतर धुळ्यातून, दुकानातल्याच कॉम्प्युटरला लावून ‘यूएसबी प्रिंटिंग सपोर्ट’ दिसतं का ते काउंटरवर उभं राहून बघा, मगच पैसे द्या.